बिंदुसरेच्या खोऱ्यातल्या आडवाटा

आज मी आपल्याशी रस्त्यांविषयी बोलणार आहे. पण ज्यांच्या उद्घाटनाला फीत कापतात, त्या रस्त्यांविषयी नव्हे. ज्यांना क्रमांक नाही, मैलाचा दगड नाही, ज्यांवरून एस. टी. जात नाही आणि ज्यांची नोंद गावच्या नकाशात फक्त तुटक रेषेने केलेली असते, अशा आपल्या पांदणींविषयी, गाडीवाटांविषयी आणि मुरमाच्या रस्त्यांविषयी.

निमित्त असे झाले. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी फ्रान्स देशात असतो. दिवाळीत तो बीडला आला होता. गप्पांच्या ओघात म्हणाला, "सर, तिकडे सुट्टीच्या दिवशी मी सायकल काढतो आणि नदीच्या काठाकाठानं तीस-चाळीस किलोमीटर जाऊन येतो. वाटेत एक मोटार आडवी येत नाही." मी म्हटलं, "मुलूख रिकामा असेल." तो म्हणाला, "मुलूख भरलेला आहे सर. वाट तशी राखलेली आहे."

'राखलेली' हा त्याचा शब्द माझ्या मनात घर करून बसला.

फ्रान्समध्ये अशा वाटेला 'हिरवी वाट' म्हणतात. पायी चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार यांनीच तिथून जायचे. मोटारीला मज्जाव. २००४ साली तिथल्या वाहतुकीच्या नियमांतच या वाटेची व्याख्या घातली गेली. पुष्कळ ठिकाणी ती डांबरी नसते, बारीक खडी दाबून केलेली असते. आता या वाटा आल्या कुठून? कोणी मुद्दाम नव्या जमिनी घेऊन केल्या असे फारसे झालेले नाही. पूर्वी तिथल्या नद्यांतून आणि कालव्यांतून मालाच्या नावा चालत. वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून काठावरून माणसे आणि घोडी दोर लावून नाव ओढीत नेत, आणि त्यांच्यासाठी काठाने सलग वाट मोकळी ठेवावी लागे. पुढे १८७८-७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने लहान लहान गावांपर्यंत आगगाडी नेण्याची मोठी योजना आखली. गाड्या धावल्या. मग मोटारी आल्या आणि विसाव्या शतकात हे फाटे एकामागून एक बंद पडले. ओढणारे घोडे गेले, इंजिने गेली, वाटा तेवढ्या उरल्या. १९९७ साली जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या लोहमार्गावर अशी वाट खुली झाली, ती या प्रकारातली अगदी आरंभीची म्हणून ओळखली जाते. ल्वार नदीच्या खोऱ्यातून तर आज सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यातला काही भाग बिनमोटारीचा, काही तुरळक वाहतुकीचा.

आता आपल्याकडची गंमत पाहा. त्यांनी रूळ उखडून सायकलवाट केली. आपण मात्र रुळाची वाट पाहण्यात दोन-तीन पिढ्या घालवल्या. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गापैकी आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ साली, आणि बीड शहरात आगगाडीची शिटी वाजली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर. तेव्हा बंद लोहमार्ग शोधायला आपण कुठे जाणार? शेजारी लातूरला १९११ साली पोचलेली बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी अरुंद रुळांची. तीही मोठ्या रुळांत विरून गेली.

पण मोडीत निघालेले असे आपल्याकडे काहीच नाही का? आहे. आपल्याकडे मोडीत निघाली ती बैलगाडी. आणि तिच्या मागे जे जाळे राहिले आहे, त्याची लांबी कोणी मोजली तर मला वाटते फ्रान्सवाल्यांनाही हेवा वाटावा.

आपला जिल्हा दोन पायऱ्यांचा. खालची पायरी गंगथडी, म्हणजे गोदावरीकडची सखल काळी जमीन. वरची पायरी बालाघाट, म्हणजे मुरमाड माळरान. या वरच्या पायरीवरून बिंदुसरा उतरते, पालीजवळच्या धरणात थांबते, बीड शहरातून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा मंजरथपाशी गोदावरीला मिळते. या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या म्हणजे घाट आले, आणि नद्या ओलांडायच्या म्हणजे उतार आले. उतार म्हणजे जिथे पात्र पसरट आणि तळ खडकाचा, तिथली पाण्यातून जाण्याची जागा. घाट आणि उतार ही दोन ठाणी एकदा ठरली, की मधली वाट आपोआप ठरते.

ती मधली वाट कशी जाते, हे एकदा नीट पाहा. जुनी गाडीवाट शक्यतो काळीतून जात नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यात रुतलेले चाक काढायला चार बैल लागतात. म्हणून वाट माळ धरते. आपला बसाल्टचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो वरून कुजत-झिजत गेला की मुरूम होतो. मुरमातून पाणी निचरून जाते आणि वरून चाके फिरली की तो अधिकच बसतो. इंजिनिअर ज्याला चांगला पाया म्हणतात, तो निसर्गाने माळावर आधीच घालून ठेवलेला आहे. गाडीवानाने भूगर्भशास्त्र वाचले नव्हते, पण आपला बैल कुठे दमतो हे त्याला माहीत होते. 'चाकोरी' हा शब्द आपण आता हिणवण्यासाठी वापरतो. चाकोरी म्हणजे त्या वाटेवर चाकांनी पाडलेले दोन चर. अंधाऱ्या रात्री गाडीवान गाडीत झोपला तरी बैल घरी यायचे, ते या चाकोरीच्या भरवशावर.

चाकाच्याही आधी वाटा होत्या. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ घेऊन हे घाट चढत-उतरत. मोगल, मराठे, निजाम, इंग्रज, सगळ्यांच्या लष्करांची पोटे त्यांनी भरली. लष्करे तर या मुलखातून इतकी गेली, की मुहंमद तुघलकाचा दुखरा दातही इथेच पडला आणि त्याने त्या दातावर कबर बांधली, असे फिरिश्ता सांगतो. बीडजवळच्या डोंगरात ती जागा आजही दाखवतात. एवढ्या मोठ्या बादशहाची आमच्याकडे शिल्लक काय, तर एक दात!

उताराचे महत्त्व पाहायचे असेल तर राक्षसभुवनची लढाई आठवा. १० ऑगस्ट १७६३. शाळेत आपण ती थोरल्या माधवरावांचा विजय म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण मुलांना नदीही दाखवली पाहिजे. भर पावसाळा, गोदावरी भरलेली. निजामाच्या फौजेचा एक भाग पलीकडे उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडच्या काठाला राहिला होता. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठले. विठ्ठल सुंदर पडला, आणि पलीकडून मदत येणे शक्य नव्हते. उन्हाळ्यात जिथे शेरडे उतरतात, तिथे त्या दिवशी एक राज्य अडकून पडले.

वारकऱ्यांच्या वाटा तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. मुक्ताईची पालखी गेवराई-बीडवरून जाते. पैठणहून निघणारी नाथांची पालखी शिरूर आणि पाटोदा तालुक्यांतून, गारमाथ्याचा चढ चढून पंढरपूरला जाते. कित्येक वर्षे ही वाट म्हणजे दगडगोट्यांची कच्ची वाट होती. आता पैठण-पंढरपूर राष्ट्रीय महामार्ग झाला. रस्ता रुंद झाला हे चांगलेच झाले. मात्र भर उन्हात तापलेल्या सिमेंटवरून अनवाणी चालणाऱ्या म्हातारीला मुरमाची वाट आठवत असणार. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या दर्शनाला कपिलधारला पायी येणाऱ्यांचीही तीच गोष्ट.

निजामाच्या राज्यात या आडवाटांना आणखी एक उपयोग होता. आपला आष्टी-पाटोद्याचा भाग इंग्रजी मुलखाला, म्हणजे नगर जिल्ह्याला लागून. हद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि मालावर जकात द्यावी लागे. नाका हमरस्त्यावर. जकात टाळणाऱ्याची वाट कुठून जात असेल, हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक लागत नाही.

आता सायकलीकडे येऊ. आज जी सायकल आपण ओळखतो, दोन सारखी चाके आणि मागे साखळी, ती स्टार्ली या इंग्रज कारागिराने १८८५ साली बाजारात आणली. पण तिची चाके भरीव रबराची होती, खडीवर हाडे खिळखिळी व्हायची. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर काढला. हा डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता, बरे का. आणि त्याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान घातले. ते सायकली विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवीत. म्हणजे हवेच्या टायरचे आणि मराठी माणसाच्या सायकल-व्यवसायाचे जन्मसाल एकच.

खेड्यात सायकल पोचायला मात्र स्वातंत्र्य यावे लागले. १९५१ साली अॅटलस, १९५६ साली हीरो, असे देशी कारखाने निघाले, आणि मग पोस्टमन, दूधवाला आणि मास्तर हे तिघे सायकलीवर आले. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. रोजचे जाणे-येणे पाच कोसांचे, सगळे गाडीवाटेने. मृग लागला की ते सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून माळ्यावर टाकीत, ते दसऱ्याला पुन्हा बसवीत. कारण काळीचा एक तुकडा वाटेत होता, आणि तिथली चिकणमाती मडगार्डात अशी ठासून बसे की चाक फिरेनासे होई. मग सायकल खांद्यावर. कॅरिअरला एक बाभळीची काटकी कायम अडकवलेली असे, चिखल खरवडायला. त्यांनी नोकरीभर मुलांना जे शिकवले ते शिकवलेच, पण त्या काळीच्या तुकड्यावर सरकारने मुरूम कधी टाकला, हे साल त्यांना माझ्या जन्मसालापेक्षा चटकन आठवायचे.

श्रोतेहो, मुरूम टाकला हे आपण सहज म्हणतो. तो टाकला कोणी? इथे मला थोडे थांबायचे आहे.

१९७२ सालचा दुष्काळ. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको, पण शिक्षकांनी मुलांना सांगायला हवा. पाऊस गेला, जोंधळा गेला, चारा गेला, आणि राबणाऱ्या माणसांना काम देण्यासाठी सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. पाझर तलाव, नालाबांध, आणि रस्ते. टोपले, पाटी, घमेले, कुदळ. डोंगरातून डबर आणायचा, तो हातोडीने फोडून खडी करायची, ढीग मोजून द्यायचा. मुलांना सुकडी मिळे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या वर्षांत उभ्या महाराष्ट्राने पारखून घेतली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. पुढे देशभर रोजगार हमीचा जो कायदा २००५ साली आला, त्याचे मूळ इथे आहे.

या योजनेवर एक टीका नेहमी होई, आणि ती खोटी नव्हती. रस्ते अर्धवट राहिले. मातीकाम झाले, मुरूम पडला, कुठे खडीचा थर पडला, तेवढ्यात पाऊस आला. माणसे शेतात गेली आणि रस्ता तसाच राहिला. पुढे २००० सालापासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिने गावाला जोडणारा एक रस्ता निवडला आणि डांबरी केला. मोटारी सगळ्या त्याच रस्त्याने जाऊ लागल्या. बाकीचे दोन-तीन रस्ते, जे शेजारच्या वस्तीला, तांड्याला, माळावरच्या देवाला जात, ते मागे पडले. म्हणजे आज आपल्या खोऱ्यात मोटारीवाचूनचे जे खडीचे, मुरमाचे रस्ते आहेत, ते कोणी विचारपूर्वक राखलेले नाहीत. ते अपुऱ्या कामामुळे उरले आहेत.

आणि म्हणूनच ते जात आहेत.

कसे जातात ते आपण सर्व जाणतो. पांदणीच्या दोन्ही अंगांना शेते. दरवर्षी नांगरताना एक तास अलीकडे घेतला जातो. एक तास म्हणजे वीतभर. वीस वर्षांत पांदणीची पायवाट होते, तिसाव्या वर्षी बांध उरतो. कोणी एकाने चोरी केली असे होत नाही. बैलगाडी जायची तोवर गाडीवान भांडायचा. गाडी गेली, भांडणारा गेला.

गावचा नकाशा काढून पाहा. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. त्यात एकेरी तुटक रेषा असेल ती पायवाट, दुहेरी तुटक रेषा असेल ती गाडीवाट. सर्वसाधारणपणे पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीवाटेची साडेसोळा फुटांपासून पुढे धरतात. हे आकडे असे चमत्कारिक का, असे मुले विचारतील. त्यांना गुंठ्याची गोष्ट सांगा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. त्या बाजूचा निम्मा साडेसोळा, पाव सव्वाआठ. गणिताचा तास आणि इतिहासाचा तास एकाच पांदणीत होईल. आणखी एक हिशोब करा. साडेसोळा फूट म्हणजे पाच मीटर. फ्रान्समधली ती नावाजलेली हिरवी वाट साधारण तीन मीटर रुंद असते.

अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने आहे. शेतात जायला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून ती मागता येते. पाणंद रस्ते पक्के करण्यासाठी २०२१ साली सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही काढली. तिचा मूळ हेतू ऊस आणि सोयाबीन शेतातून बाहेर काढण्याचा आहे आणि तो अगदी रास्त आहे. मळ्यातून ट्रॅक्टर निघालाच पाहिजे. सायकलवाल्या प्राध्यापकाच्या हौसेसाठी कोणी शेतकऱ्याची अडवणूक करावी असे मी म्हणणार नाही. पण फ्रान्समध्येही काही वाटांवर लगतच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मोकळीक असतेच. मज्जाव असतो तो भरधाव जाणाऱ्या परक्या मोटारीला. तोंडाशी एक खांब रोवला की पुरते.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझे एक सहकारी, सोबत तीन विद्यार्थी, बीडहून कपिलधारला सायकलीने निघालो. धुळे-सोलापूर महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी २११ होता आणि आता ५२ आहे, तो टाळायचा असे ठरवून. त्या रस्त्यावर सायकल म्हणजे जीव मुठीत धरणे. नकाशावरच्या दुहेरी तुटक रेषा धरून, नदीच्या अंगाने, माळावरून. निम्म्याच्या वर वाट सापडली. मुरूम बसलेला, दोन्ही बाजूंना बोरी आणि तरवड, एका ओढ्याला दगडी फरशी. मोटारीचा आवाज फक्त लांबून, वारा फिरला तर.

एका गावाच्या शिवेवर वाट तुरीच्या रानात शिरून नाहीशी झाली. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या पांदणीचा तंटा चालू आहे आणि दोघेही पक्षकार माझे श्रोते असण्याचा संभव आहे. कडेला एक सत्तरी उलटलेल्या आजी शेरडं राखीत होत्या. आम्ही विचारलं, "आजी, इथून रस्ता होता ना?" त्या म्हणाल्या, "होता म्हंजी? म्या केलाय." मग बसल्या आणि सांगू लागल्या. बहात्तर साली नव्या नवरी होत्या. सासू, जाऊ आणि त्या, तिघी खडी फोडायला. बोटं सुजायची, म्हणून चिंध्या बांधायच्या. डोंगराच्या पायथ्यापासून त्या पलीकडच्या लिंबापर्यंत त्यांच्या टोळीचा तुकडा. त्याच्या पुढचा तुकडा दुसऱ्या गावच्या बायांचा, आणि तो यांच्याइतका चांगला झाला नव्हता, हे त्यांनी दोनदा बजावलं.

विद्यार्थ्यांपैकी एकानं विचारलं, "आजी, मग रस्ता रानात गेला तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?" आजी हसल्या. म्हणाल्या, "रान माझ्याच लेकाचं हाय."

यावर काय बोलणार? आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळाने त्या उठल्या, तुरीच्या कडेला लावलेली बोरीची फास काठीने बाजूला केली आणि बांधावरून सायकली हातात धरून जायला सांगितलं. पलीकडे लिंबापाशी वाट पुन्हा लागते म्हणाल्या, आणि खरोखरच लागली. आम्ही पाचही जण पार झाल्यावर त्यांनी मागून हाक मारली, "येताना ह्याच वाटनं या, पण फास नीट लावा. शेरडं शिरत्यात."